पीटर फॉक, कोलंबो आणि त्याची दोस्तमंडळी

प्रश्न असा होता की 'कोलंबो' या अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिकेचे बहुतेक एपिसोड बघून झालेत, आता लेफ्टनंट कोलंबो करणाऱ्या पीटर फॉकने बाकी काय काय केलं, दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीस वगैरे लोकांशी त्याचं नेमकं काय नातं होतं, आणि तो कोलंबो म्हणून इतका भारी का वाटतो. मी एडिटर आहे, मालिका आणि काही सिनेमे कापण्यातच माझी सगळी वर्षं गेली आणि नव्या मुलांना रिअ‍ॅक्शन कुठे ठेवायची, कुठे कापायची हे शिकवताना मी कोलंबो लावतोच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं त्या अंगाने वाचता येईल. लोक फॉकची कारकीर्द दोन कप्प्यांत टाकतात, इकडे टीव्हीवरचा लोकप्रिय डिटेक्टिव्ह आणि तिकडे कॅसाव्हेटीसच्या सिनेमांतला गंभीर नट. माझ्या मते हे दोन्ही एकच काम होतं. कोलंबोतून जो पैसा आणि जे वजन मिळालं त्यावर त्याने दोस्तांचे सिनेमे उभे राहू दिले, आणि दोस्तांच्या सिनेमांत जे शिकला ते त्याने दर एपिसोडला कोलंबोत ओतलं. हे लक्षात आलं की दोन्हीकडचं काम वेगळं दिसायला लागतं.

सुरुवातीचं थोडक्यात. जन्म १६ सप्टेंबर १९२७, न्यूयॉर्क. तीन वर्षांचा असताना डोळ्यात गाठ निघाली आणि उजवा डोळा काढावा लागला, आयुष्यभर तिथे काचेचा डोळा. त्याने त्याचं कधी रडगाणं केलं नाही. शाळेत बेसबॉल खेळताना अंपायरने आउट दिलं तर याने काचेचा डोळा काढून त्याच्या हातात ठेवला की घे, तुला याची गरज आहे, हा किस्सा तो स्वतः रंगवून सांगायचा. पुढे मर्चंट मरीनमध्ये जहाजावर स्वयंपाकी, मग कॉलेज, मग सिराक्यूजमधून सरकारी कारभाराची मास्टर्स डिग्री आणि मग हार्टफर्डला कनेक्टिकट राज्याच्या बजेट ऑफिसात नोकरी. म्हणजे चक्क सरकारी नोकरदार, संध्याकाळी हौशी नाटक. वेस्टपोर्टला इव्हा ला गॅलियेन नावाच्या मोठ्या अभिनेत्रीचा क्लास चालायचा, तो खरं तर व्यावसायिक नटांसाठी, हा तिथे हार्टफर्डहून गाडी मारत जायचा आणि दर वेळी उशीर. एकदा बाईंनी विचारलं की रोज उशीर का, तेव्हा त्याने कबूल केलं की मी नट नाहीच, मी हार्टफर्डला नोकरी करतो. बाई म्हणाल्या, मग तू नट व्हायला हवंस. गडी परत गेला आणि नोकरी सोडली. १९५६ साल, वय जवळजवळ एकोणतीस. आपल्याकडचे शिवाजी साटमही सेंट्रल बँकेत कॅशियर होते आणि सोबत नाटक, त्यामुळे मराठी माणसाला हा प्रवास अगदी ओळखीचा वाटेल.

न्यूयॉर्कला त्याच वर्षी त्याला यूजीन ओनीलच्या 'द आइसमन कमथ' या नाटकात बारटेंडरची भूमिका मिळाली, दिग्दर्शक होसे किंतेरो, मुख्य भूमिकेत जेसन रोबार्ड्स. या प्रयोगाने ओनीलला अमेरिकन रंगभूमीवर परत आणलं असं मानतात. म्हणजे फॉकची पहिली मोठी तालीमच दारूच्या गुत्त्यात बसून दुसऱ्यांचं ऐकत राहण्याची होती, पुढे हे किती कामाला आलं ते बघालच. हॉलिवूडमध्ये मात्र कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन याने तोंडावर सांगितलं की एवढ्याच पैशात मला दोन डोळ्यांचा नट मिळतो. त्यानंतर १९६० मध्ये 'मर्डर इन्कॉर्पोरेटेड'मध्ये त्याने एब रेलीस हा खुनी केला आणि ऑस्करचं नामांकन. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या शेवटच्या सिनेमात, 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'मध्ये, विनोदी गुंड, परत नामांकन. दोन्ही वेळा बक्षीस हुकलं, पण १९६२ मध्ये 'द प्राइस ऑफ टोमॅटोज' या टीव्ही नाटकासाठी एमी, म्हणजे टीव्हीचं ऑस्कर, मिळालं, त्यात तो ट्रक ड्रायव्हर होता. हे सगळं कोलंबोच्या कितीतरी आधीचं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता कोलंबो. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक, शाळेपासूनचे मित्र, जोडीने लिहायचे. त्यांचा हा लेफ्टनंट पहिल्यांदा १९६० मध्ये एका टीव्ही नाटकात आला, तेव्हा तो बर्ट फ्रीडने केला. मग तेच कथानक रंगमंचावर गेलं, तिथे थॉमस मिचेल. १९६८ मध्ये त्यावर 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' ही टीव्ही फिल्म करायचं ठरलं तेव्हा लेखकांच्या डोक्यात वयस्कर नट होते, ली जे कॉब आणि बिंग क्रॉस्बी यांची नावं पुढे होती, ते जमलं नाही आणि चाळिशीतला फॉक आला. कोलंबोच्या अंगावरचा तो चुरगळलेला रेनकोट त्याने स्वतःच्या घरून आणला, काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडला म्हणून पंधरा डॉलरला घेतलेला. ती मोडकळीला आलेली प्यूजो ४०३ गाडीसुद्धा त्यानेच स्टुडिओच्या गॅरेजमधून निवडली.

"जस्ट वन मोअर थिंग" हे वाक्य कसं आलं ते लेखकांनीच सांगून ठेवलंय. नाटकाचा एक सीन छोटा झाला होता, कोलंबो आधीच दाराबाहेर गेलेला, आणि पूर्ण पान परत टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्याला दारातून परत आत बोलावला आणि एक प्रश्न विचारायला लावला. टाइपरायटरच्या जमान्यातली सोय, बस. पण त्या सोयीचं सोनं फॉकने केलं. माझ्या टेबलावर मी मुलांना तो दाराचा प्रसंग फ्रेम-फ्रेम दाखवतो. कोलंबो वळून निघतो तेव्हा कॅमेरा खुन्यावर असतो आणि खुन्याचे खांदे सुटतात, चेहरा सैल पडतो, आपणही श्वास सोडतो, आणि मग आवाज येतो. नवीन एडिटर हमखास लगेच कोलंबोवर कट मारतो कारण बोलतोय तो. तसं करायचं नसतं, खुन्यावरच थांबायचं, कारण त्या क्षणी नाट्य त्याच्या चेहऱ्यावर चालू आहे, तो सैल पडलेला चेहरा परत आवळताना दिसला पाहिजे. कोलंबोकडे नंतर जायचं, त्याचा हात कपाळाशी गेलेला असतो तेव्हा.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. कोलंबोत खून कोणी केला हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच दाखवून टाकतात, कित्येकदा तोवर हीरोचा पत्ताच नसतो. म्हणजे गूढ नाहीच. मग माणूस बघत काय बसतो? दोन नटांचा सामना बघतो. समोरचा नट दुबळा असला की एपिसोड पडला. हे फॉकला लिहिणाऱ्यांइतकंच कळलं होतं. सीन चालू असताना तो खिशात पेन्सिल शोधायचा, ठरलेलं नसताना काहीतरी भलतंच विचारायचा, एखादी वस्तू उचलून बघत बसायचा, आणि समोरच्या नटाला खरोखरच कळायचं नाही आता हा काय करणार, त्याची ती चिडचिड कॅमेऱ्यात खरी उतरायची. हे तंत्र नाटकातून थोडंफार येतं, पण टीव्हीच्या घाईत ते करायची हिंमत कुठून आली? माझं उत्तर, जॉन कॅसाव्हेटीसकडून.

कॅसाव्हेटीस स्वतः नट, टीव्हीवर आणि हॉलिवूडमध्ये कामं करून जे मिळेल ते आपल्या सिनेमात घालायचा, बाहेरचा पैसा नको, बाहेरचा हुकूम नको. फॉक आणि तो १९६९ च्या 'मशीन गन मॅकेन' या इटालियन गँगस्टर फिल्ममध्ये दोघेही आहेत, आणि त्याच्याच मागोमाग १९७० मध्ये 'हजबंड्स' आला. कॅसाव्हेटीस, बेन गझारा आणि फॉक, चौथ्या मित्राच्या अंत्ययात्रेहून निघालेले तीन नवरे, दारू, भटकणं, लंडन. फॉकला तेव्हा जॉनची पद्धत अजिबात झेपली नव्हती, हे त्याने पुढे स्वतः सांगितलंय. जॉन सीन समजावून सांगायचा नाही, एकाच सीनमध्ये नटाला अंधारात ठेवून दुसऱ्याच्या कानात काहीतरी वेगळं सांगायचा, कॅमेरा थांबवायचाच नाही. फॉक म्हणजे नीटनेटकं हवं असणारा, परत परत टेक घेणारा माणूस. तरी टिकला. त्याच सुमाराला तिघे डिक कॅव्हेटच्या गप्पांच्या कार्यक्रमात गेले आणि कॅव्हेट बिचारा प्रश्न विचारतोय आणि हे जमिनीवर लोळतायत, एकमेकांना ढकलतायत, कार्यक्रमाचं पार वाटोळं केलं. ते फुटेज मिळालं तर जरूर बघा, या तिघांचं नातं कोणत्याही मुलाखतीपेक्षा त्यात जास्त दिसतं.

आता तारखा बघा. 'हजबंड्स' १९७० च्या अखेरीस. १९७१ मध्ये ली ग्रँटबरोबर 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन' हा दुसरा पायलट, म्हणजे मालिकेआधीचा चाचणीचा भाग, सप्टेंबर १९७१ ला एनबीसीवर मालिका सुरू, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हा ब्रॉडवेवर नील सायमनचं नाटक करतोय, माइक निकोल्सच्या दिग्दर्शनाखाली, समोर परत तीच ली ग्रँट. पायलटमधली खुनी बाई आता नाटकात बायको. फॉक असाच काम करायचा, एकदा ज्याच्याशी सूर जुळला त्याला सोडायचं नाही.

पहिल्या सीझनमध्येच त्याच्या भोवती काय माणसं होती बघा. 'मर्डर बाय द बुक' स्टीव्हन बोच्कोने लिहिलाय आणि दिग्दर्शक चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पिलबर्ग. त्याची सुरुवात मी प्रत्येक बॅचला दाखवतो. रस्त्यावरून गाडी येतेय आणि साउंडट्रॅकवर गाडीचा आवाजच नाही, फक्त टाइपरायटरची टकटक, वरच्या मजल्यावर एक लेखक टाइप करतोय आणि खाली त्याचा खुनी येतोय. साउंडने कट कसा मारायचा याचा याहून सोपा आणि याहून देखणा धडा मला माहीत नाही. 'डेथ लेंड्स अ हँड'मध्ये रॉबर्ट कल्प खून करतो आणि मग पुरावे पुसतानाची सगळी दृश्यं त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत दिसतात, एका चेहऱ्यावर सगळा मॉन्टाज. एडवर्ड एब्रोम्सला त्याच्या एडिटिंगसाठी एमी मिळालं, आणि पुढे त्याला कोलंबोचे एपिसोड दिग्दर्शित करायला मिळाले. एडिटरला दिग्दर्शनाची खुर्ची देणारी मालिका, आमच्या धंद्यात याची किंमत फार आहे.

फॉकलाही दिग्दर्शन हवं होतं, त्यासाठी स्टुडिओशी भांडला, आणि मग त्याला 'ब्लूप्रिंट फॉर मर्डर' दिला, बांधकामाच्या साइटवरचा, शूटिंगला महाकटकटीचा. त्याने तो व्यवस्थित केला पण त्यानंतर कोलंबोचं दिग्दर्शन परत केलं नाही. भांडणं पुढेही चालू राहिली, पैशावरून, शेड्यूलवरून, टेक किती घेतो त्यावरून. एपिसोड ठरल्या दिवसांत संपायचा नाही, बजेट वर जायचं. निर्मात्याच्या बाजूने बघितलं तर डोकेदुखीच, पण मी रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज, बघणारा माणूस आहे, जो नट एकाच ओळीचे सात टेक सात तऱ्हेने देतो तो एडिटरला श्रीमंत करून जातो, एवढं नक्की सांगतो.

आणि आता तो एपिसोड जो तुम्ही परत बघायलाच पाहिजे, 'एट्यूड इन ब्लॅक', सप्टेंबर १९७२. खुनी, ऑर्केस्ट्राचा कंडक्टर अ‍ॅलेक्स बेनेडिक्ट, म्हणजे जॉन कॅसाव्हेटीस. बायकोच्या भूमिकेत ब्लाइथ डॅनर, सासू मर्ना लॉय, लेखन बोच्कोचं, दिग्दर्शन निकोलस कोलासांतोचं. कोलंबोचा तो आळशी बासेट कुत्राही याच एपिसोडमध्ये पहिल्यांदा येतो. कोलंबो बेनेडिक्टच्या घरी जातो आणि घर केवढ्याचं असेल, टॅक्स किती भरता, पगार किती असेल असं विचारत सुटतो. कागदावर हा सीन म्हणजे चौकशीचा सीन. पण बघताना कळतं की इथे दोन जिवलग मित्र एकमेकांना चिडवतायत, जॉन ओठ घट्ट मिटून उभा, आणि पीटर मुद्दाम लांबवतोय, त्याला माहितीये याला कुठे टोचतं. बाहेरचा पाहुणा नट असता तर तो सभ्यपणे आपल्या ओळीची वाट बघत उभा राहिला असता. कॅसाव्हेटीस वाट बघत नाही, तो ओळीच्या मध्येच श्वास घेतो, मान फिरवतो, आणि एडिटरला दर सेकंदाला कापायला काहीतरी मिळतं. शेवट तर आमच्या लोकांसाठीच लिहिल्यासारखा आहे, मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोटावर फूल नाही, नंतरच्या बातमीच्या फुटेजमध्ये फूल आहे, म्हणजे मधल्या वेळात ते पडलं कुठे आणि उचललं कुठून? कंटिन्युइटीच्या, म्हणजे दोन शॉटमधल्या गोष्टी न जुळण्याच्या, चुकीवरून खुनी पकडला!

हा एपिसोड करून कॅसाव्हेटीसला काय मिळालं तर पैसे, जे त्याला सिनेमासाठी लागतच होते. आणि पुढचा सिनेमा होता 'अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स', १९७४. कोणी स्टुडिओ हात लावेना. जॉनने घर गहाण टाकलं आणि फॉकने स्वतःचे पाच लाख डॉलर घातले, १९७० च्या दशकातले पाच लाख. वितरणसुद्धा त्यांनी स्वतःच केलं, थिएटरवाल्यांना फोन करून करून. सिनेमाला दोन ऑस्कर नामांकनं मिळाली, मुख्य भूमिकेतल्या जीना रोलंड्सला, म्हणजे जॉनच्या बायकोला, अभिनयासाठी आणि जॉनला दिग्दर्शनासाठी. फॉकला काहीच नाही, आणि मला आजही वाटतं की ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी भूमिका आहे.

यात तो निक लाँगेटी, बांधकाम मजुरांचा मुकादम, बायको मेबल मनाने डळमळीत. रात्रपाळी करून निक आपल्या सगळ्या माणसांना सकाळी घरी घेऊन येतो आणि मेबल सगळ्यांसाठी स्पगेटी करते. लांबलचक टेबल, दहा-बारा पुरुष, कोणी गातोय, कोणी गप्प, मेबल एकेकाजवळ जाऊन प्रेमाने विचारपूस करतेय, जरा जास्तच जवळ जाऊन. निक टेबलाच्या टोकाला. आता फक्त त्याच्याकडे बघा. आधी अभिमान, माझ्या घरी माझी माणसं जेवतायत. मग थोडं हसू. मग नजर त्या माणसाकडे ज्याला ती नाचायला उठवतेय. मग खाली ताटाकडे. आणि मग एकदम ओरडतो, आणि अख्खं टेबल गार पडतं, काटे हवेत तसेच. कोलंबोतला तो गोंधळलेला, गोड माणूस इथे औषधालाही नाही, पण ऐकण्याची पद्धत तीच आहे, समोरच्याचं बोलणं डोळ्यांवरून आधी जातं आणि तोंडापर्यंत उशिरा पोचतं. फरक एवढाच की कोलंबो ऐकून माहिती साठवतो आणि निक ऐकून घाबरतो. दोन्ही एकाच माणसाने एकाच काळात केलंय, इकडे सोम ते शुक्र कोट आणि सिगार, तिकडे दोस्ताच्या सिनेमात स्वतःच्या पैशावर हे.

मग उलटा प्रवाह बघा, दोस्त कोलंबोत कसे आले. बेन गझाराने दोन एपिसोड दिग्दर्शित केले, 'अ फ्रेंड इन डीड' आणि 'ट्रबल्ड वॉटर्स'. पहिल्यात खुनी चक्क पोलीस खात्यातला वरचा अधिकारी, कोलंबोचाच साहेब, आणि तो मालिकेतल्या सगळ्यात कडवट एपिसोडांपैकी आहे. जीना रोलंड्स 'प्लेबॅक'मध्ये आली, खुन्याची व्हीलचेअरवरची बायको, आणि तिथेही पुरावा व्हिडिओ टेपमधूनच निघतो. कॅसाव्हेटीसच्या नेहमीच्या मंडळीतले फ्रेड ड्रेपर, व्हॅल अ‍ॅव्हरी, जॉन फिनेगन हे चेहरे तर कोलंबोत इतक्या वेळा आणि इतक्या वेगळ्या भूमिकांत दिसतात की एकदा ओळखायला लागलात की मजा येते, आणि कोलंबो जिथे चिली खायला जातो तिथला हॉटेलवाला बर्ट म्हणजे टिमथी केरी, तोही त्याच कंपूतला. आपल्याकडे नाटक कंपनी असायची ना, तेच लोक, भूमिका बदलत्या, तसा प्रकार त्याने हॉलिवूडच्या स्टुडिओत टीव्ही मालिकेच्या आत चालवला.

कंपूबाहेरचा पण त्याहून जवळचा झालेला माणूस म्हणजे पॅट्रिक मॅकगूहन. १९७४ चा 'बाय डॉन्स अर्ली लाइट', लष्करी शाळेचा प्रमुख कर्नल रमफर्ड. एरवी कोलंबोचे खुनी मस्तवाल श्रीमंत असतात, हा तसा नाही, याची शिस्तीवर मनापासून श्रद्धा आहे, आणि मॅकगूहन आवाज जवळजवळ चढवतच नाही. फॉकनेही मग आपली सगळी खोड्यांची पोतडी बंद ठेवली, दोघे एकमेकांच्या संयमाला तोलत बसलेत. मॅकगूहनला एमी मिळालं. पुढे तो आणखी तीनदा खुनी झाला, १९९० च्या 'अजेंडा फॉर मर्डर'साठी परत एमी, आणि पाच एपिसोड दिग्दर्शित केले, शेवटचा २००१ मध्ये. सव्वीस-सत्तावीस वर्षांची ही भागीदारी, आणि फॉक त्याचं नाव घेतलं की खुलायचा. जॅक कॅसिडी आणि रॉबर्ट कल्पही तीन-तीनदा खुनी झाले. खुन्याचा नट परत आणायचा, वेगळा माणूस म्हणून, आणि प्रेक्षकाने तक्रार करायची नाही, कारण प्रेक्षक सामना बघायला आलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

'मायकी अँड निकी'बद्दल थोडं. एलेन मेचा सिनेमा, फॉक आणि कॅसाव्हेटीस, लहानपणापासूनचे दोन दोस्त, एकाच्या मागे मारेकरी लागलेत आणि दुसरा त्याला वाचवतोय की विकतोय हे रात्रभर कळत नाही. शूटिंग १९७३ चं, रिलीज १९७६ च्या डिसेंबरमध्ये, कारण एलेन मेने सुमारे चौदा लाख फूट फिल्म शूट केली, तीन-तीन कॅमेरे, तासन्‌तास चालू. त्या एडिटिंग रूमची कल्पना करूनच माझ्या पोटात गोळा येतो. पण निकालही तसाच आहे, या दोघांची खरी मैत्री माहीत असताना हा सिनेमा बघणं म्हणजे काळजावर दगड ठेवूनच बसावं लागतं.

विनोदात त्याचा जोडीदार अ‍ॅलन आर्किन, १९७९ चा 'द इन-लॉज', दिग्दर्शक आर्थर हिलर. आर्किन सरळमार्गी दाताचा डॉक्टर आणि फॉक त्याचा होणारा व्याही, जो आपण सीआयएचे आहोत म्हणतो. गोळीबारात "सर्पेंटाइन, सर्पेंटाइन" म्हणून नागमोडी पळायला लावतो तो सीन, पोट धरून हसाल. आणि १९८७ मध्ये एकाच वर्षी 'द प्रिन्सेस ब्राइड'मधला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा, आणि विम वेंडर्सच्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये स्वतः पीटर फॉक. बर्लिनमध्ये शूटिंगला आलेला नट, रस्त्यावरची पोरं त्याला बघून कोलंबो-कोलंबो करतात, आणि तो मुळात देवदूत होता, माणूस व्हायचं निवडलं असं कळतं. टपरीवर कॉफीचा कप हातात धरून तो शेजारी उभ्या असलेल्या, न दिसणाऱ्या देवदूताशी बोलतो की तू दिसत नाहीस पण आहेस हे मला माहितीये, आणि मग हात चोळण्यात, कॉफीत, पेन्सिलीने रेघ ओढण्यात काय सुख असतं ते सांगतो. स्केचिंग त्याचं खरंच होतं, तो आयुष्यभर चित्रं काढायचा. वेंडर्सने एक टीव्ही नट घेतला नाही, ज्या माणसाला जगातलं प्रत्येक पोर ओळखतं असा एकमेव देवदूत घेतला, केवढी नेमकी निवड आहे ही!

एनबीसीवरचा कोलंबो १९७८ मध्ये थांबला आणि एबीसीवर ६ फेब्रुवारी १९८९ ला परत सुरू झाला. कॅसाव्हेटीस ३ फेब्रुवारीला गेला होता. तीन दिवस आधी. नव्या पर्वातलं लिखाण जुन्याइतकं घट्ट नाही हे मी स्पष्ट सांगतो, पण मॅकगूहनचे एपिसोड बघाच, आणि १९९३ चा 'इट्स ऑल इन द गेम' बघा, समोर फे डनअवे, आणि तो फॉकने स्वतः लिहिलाय, मालिकेतला एकमेव. त्यात कोलंबोच्या मनात खुनी बाईबद्दल काय चाललंय हे शेवटपर्यंत कळत नाही. फॉकची बायको शेरा डॅनीसही सहा एपिसोडमध्ये आहे. १९९७ च्या एका एपिसोडमध्ये तो म्हणतो की तीन डोळे एकापेक्षा बरे, म्हणजे लेफ्टनंटलाही एकच डोळा हे इतक्या वर्षांनी हळूच सांगून टाकलं. २००३ ला शेवटचा, पायलट धरून एकूण ६९. कोलंबोसाठी चार आणि आधीचं एक, पाच एमी. २३ जून २०११ ला तो गेला.

कोणी आपल्या सीआयडीशी तुलना विचारेल म्हणून सांगतो, ती तुलना होत नाही. सीआयडी करणाऱ्या बी. पी. सिंगांची जात वेगळी, 'एक शून्य शून्य'पासून पोलीस टीमवर्क हा त्यांचा विषय, तिथे खुनी कोण हे शेवटी कळायचं असतं, साटमांचा प्रद्युम्न टीमचा कप्तान आहे आणि दया, अभिजीत त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एपिसोड एकाच शॉटमध्ये, एकही कट न घेता केला, ते धाडस कोलंबोवाल्यांनीही केलं नाही. साटमांचं वेगळं काम बघायचं असेल तर 'वास्तव'मधला बाप आणि 'उत्तरायण'मधला नीना कुलकर्णींसोबतचा उतारवयातला माणूस बघा, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला पाहिजे.

तर आता तुम्ही बघायचं कसं. 'एट्यूड इन ब्लॅक' परत लावा, पण या वेळी आवाज बंद करून, फक्त दोघांचे चेहरे. दुसऱ्या दिवशी 'अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स', त्यासाठी अडीच तासांची सलग बैठक ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मग 'मायकी अँड निकी'. 'हजबंड्स' शेवटी, कारण तो आधी बघितला तर बरेच जण अर्ध्यात उठतात, आणि या तिघांची सवय झाल्यावर बघितला तर उठवत नाही.